इम्पॅक्ट फॅक्टर : आधी या शब्दाचा विग्रह करा



तुम्ही एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात असाल किंवा नेट, सेट, पेट यांपैकी कशाची तरी तयारी करत असाल, तर एक शब्द आत्तापासूनच कानावर पडायला लागला असेल. "सरांचा पेपर सहा इम्पॅक्ट फॅक्टरला लागला." "तिचा टोटल इम्पॅक्ट फॅक्टर वीसच्या वर आहे." "इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर पाठवूच नकोस." पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर वर्षभर मीही हा शब्द असाच वापरत होते. कोणी अर्थ विचारला असता तर 'जर्नलचा दर्जा' एवढंच सांगितलं असतं. तो अर्थ चुकीचा आहे, हे मला जरा लाजिरवाण्या पद्धतीने कळलं.

दुसऱ्या वर्षी एका फेलोशिपचा फॉर्म भरला होता. त्यात 'प्रत्येक शोधनिबंधाचा इम्पॅक्ट फॅक्टर' असा एक रकाना होता आणि त्याखाली 'एकूण'. माझे दोन पेपर होते. एका जर्नलचा आकडा २.४, दुसऱ्याचा ३.१. मी बेरीज करून ५.५ लिहिलं. मुलाखतीत समोर बसलेल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांनी त्या आकड्यावर बोट ठेवून शांतपणे विचारलं, "हे साडेपाच कशाचे?" मला वाटलं त्यांना नीट दिसलं नाही, म्हणून मी म्हटलं, "सर, इम्पॅक्ट फॅक्टर." ते म्हणाले, "ते वाचलं मी. पण साडेपाच काय? कशाला कशाने भागलंय? आणि या दोन गोष्टींची बेरीज कशी होते?" मला उत्तर आलं नाही. प्रयोगवहीत एकक लिहिलं नाही तर मार्क कापणाऱ्या विषयात सहा वर्षं काढून मी एक बिनएककाचा, बिनअर्थाचा आकडा फॉर्मवर लिहिला होता.

ती फजिती तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

गाळलेले शब्द कोणते?

शाळेत आपण समासाचा विग्रह करायचो, आठवतं? साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. याला मध्यमपदलोपी समास म्हणतात. दोन पदांना जोडणारे मधले शब्द गळालेले असतात आणि ते ऐकणाऱ्याने मनात भरून घ्यायचे असतात. साखरभाताच्या बाबतीत अडचण येत नाही, कारण तो कसा करतात ते सगळ्यांना माहीत असतं.

इंग्रजी जोडनामांचंही असंच आहे. दोन-तीन नामं शेजारी ठेवली की शब्द तयार. त्यांच्यातलं नातं कोणतं, ते शब्द स्वतः सांगत नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर' ऐकल्यावर कोणाचा इम्पॅक्ट? कशावर? किती काळात? यातलं काहीच कळत नाही. त्यात या शब्दाचं पूर्ण नाव आहे 'जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर'. बोलता बोलता आपण पहिलं पदही गाळलं. जे पद गळालं, नेमकं त्याच्याच बाबतीत सगळा घोळ झाला आहे.

पूर्ण विग्रह असा होईल : एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना, चालू वर्षात, एका ठरावीक डेटाबेसमधल्या जर्नलांमध्ये, सरासरी किती वेळा उद्धृत केलं गेलं ते सांगणारा आकडा.

एवढं सगळं गाळून मागे दोनच शब्द उरले आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पुलावरचा इम्पॅक्ट फॅक्टर

हा शब्द फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मित्राला विचारा. त्याच्या लेखी इम्पॅक्ट फॅक्टरचा जर्नलांशी काही संबंध नाही. पुलावर ट्रक नुसता उभा असेल तर एक भार पडतो. तोच ट्रक वेगाने, खड्ड्यात आदळत गेला तर परिणाम त्याहून जास्त होतो. हा जास्तीचा परिणाम हिशेबात धरायला डिझाइनमध्ये भार काही टक्क्यांनी वाढवून घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत 'क्लास ए' भारासाठी आरसीसी पुलांना एक सूत्र आहे : ४.५ भागिले (६ अधिक गाळ्याची मीटरमधली लांबी). गाळा १२ मीटरचा असेल तर ४.५ भागिले १८, म्हणजे ०.२५. भार २५ टक्क्यांनी वाढवा आणि मग पूल बांधा.

इथे दोन्ही शब्द आपापलं काम चोख करतात. इम्पॅक्ट म्हणजे खरोखरचा आदळणारा आघात आणि फॅक्टर म्हणजे खरोखर गुणायचा आकडा. चुकला तर पूल पडतो, म्हणून तो कसा काढला हे प्रत्येक इंजिनिअरला सांगता येतं.

आपल्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मात्र फॅक्टर कशालाच गुणत नाही. मराठीत कधी कधी त्याला 'प्रभाव घटक' म्हटलेलं दिसतं. ते साफ चूक आहे, कारण घटक म्हणजे एखाद्या गोष्टीचा भाग, आणि हा कशाचाच भाग नाही. बुद्ध्यांक, निर्देशांक यांच्या धर्तीवर 'प्रभावांक' हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. अंक आहे, एवढंच तो सांगतो. पण 'प्रभाव' हा शब्द तिथेही पुरता बसत नाही. मोजले जातात ते उल्लेख. एखाद्या पेपरमध्ये चूक आहे हे दाखवण्यासाठी त्याचा उल्लेख केला तरी तो मोजला जातोच.

मुळात हा आकडा कशासाठी होता?

युजीन गारफिल्ड हा रसायनशास्त्राचा पदवीधर. १९५५ मध्ये त्याने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. कोणत्या पेपरने कोणत्या पेपरचा उल्लेख केला याची सूची तयार करावी, अशी त्याची कल्पना होती. इम्पॅक्ट फॅक्टर हे शब्द त्या लेखात आले आहेत, पण तिथे जर्नल नव्हतं. एखाद्या लेखनाचा पुढच्या साहित्यावर काय परिणाम झाला ते शोधता येईल, असा त्याचा रोख होता.

आज आपण ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतो, तो पुढे १९६० च्या दशकात गारफिल्ड आणि त्याचा सहकारी आयर्व्हिंग शेर यांनी तयार केला. कारण अगदी व्यावहारिक होतं. त्यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये कोणती जर्नल घ्यायची ते ठरवायचं होतं. नुसते एकूण उल्लेख मोजले तर हजारो लेख छापणारी मोठी जर्नल आपोआप वर येणार आणि मोजके लेख छापणारी छोटी पण चांगली जर्नल निसटणार. म्हणून लेखांच्या संख्येने भागायचं ठरलं. १९७५ पासून जर्नल सायटेशन रिपोर्ट्स या नावाने हे आकडे दरवर्षी निघू लागले आणि कोणत्या जर्नलची वर्गणी भरायची हे ठरवताना ग्रंथपालांना त्यांचा उपयोग झाला.

म्हणजे हे साधन सूची करणाऱ्यांचं आणि लायब्ररीचं. प्रश्न होता 'कोणतं जर्नल घ्यावं?' आज तेच साधन 'कोणता माणूस घ्यावा?' या प्रश्नाला लावलं जातं. या वापरातले धोके खुद्द गारफिल्डनेही नंतर पुन्हा पुन्हा सांगितले होते.

सरासरी नावाची गंमत

समजा, एका जर्नलने दोन वर्षांत दहाच पेपर छापले. त्यातल्या एकाला यंदा ४१ उल्लेख मिळाले, बाकी नऊ जणांना एकेक. एकूण ५०, भागिले १०, इम्पॅक्ट फॅक्टर ५. आता त्या नऊपैकी एकाने बायोडेटात 'माझा पेपर ५ इम्पॅक्ट फॅक्टरचा' असं लिहिलं तर ते खोटं म्हणता येत नाही आणि खरंही नाही. वर्गाची सरासरी ८० टक्के आली म्हणून शेवटच्या बाकावरच्याने घरी जाऊन 'मला ८० मिळाले' म्हणावं, तसं ते आहे.

हे उदाहरण मी मुद्दाम ताणलंय असं वाटेल. पण 'नेचर'ने २००५ मध्ये स्वतःच्याच आकड्याचा हिशेब मांडला होता. त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधला ८९ टक्के वाटा फक्त २५ टक्के पेपरांचा होता.

याहून भारी उदाहरण माझ्या स्वतःच्या विषयातलं आहे. मी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून रेणूंची रचना काढते. या कामात जगभर शेलेक्स नावाच्या संगणक प्रणाली वापरतात. त्या लिहिणारे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या ए विभागात शेलेक्सचा इतिहास सांगणारा एक लेख लिहिला आणि त्यातच सुचवलं की प्रणाली वापरणाऱ्यांनी या लेखाचा उल्लेख करावा. झालं! जगभरात रचना काढणारा प्रत्येक जण तो उल्लेख करू लागला. मीही करते. या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आधी २ च्या आसपास होता. २००९ चा आकडा आला ४९.९२६. २०१० मध्ये तो ५४ च्याही वर गेला. २०११ मध्ये तो लेख दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडला आणि आकडा पुन्हा २ वर येऊन बसला.

त्या दोन वर्षांत जर्नल पंचवीस पट चांगलं झालं का? संपादक तेच, परीक्षक तेच, काम त्याच जातीचं. बदलला होता फक्त एक लेख.

तो दशांशचिन्हानंतरचा ९२६ पण बघा. तीन अंकांपर्यंतची ही अचूकता कशाची? आपण प्रयोगशाळेत सार्थ अंकांवरून ज्युनिअरना ओरडतो, पण इथे वर्षानुवर्षं कोणी हरकत घेतली नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या यादीपासून अखेर हे आकडे एकाच दशांश स्थळापर्यंत दिले जाऊ लागले.

वापरातल्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे पेपरला इम्पॅक्ट फॅक्टर असतो असं समजणं. तो नसतो. पेपरला उल्लेख असतात, आणि ते थेट मोजता येतात. माणसाला तर नसतोच नसतो.

दुसरी चूक माझी, म्हणजे बेरीज. दोन सरासऱ्यांची बेरीज ही काहीच नसते. पुण्याचं सरासरी तापमान आणि नागपूरचं सरासरी तापमान यांची बेरीज करून आपण ते कोणाला सांगत नाही. 'टोटल इम्पॅक्ट फॅक्टर' मात्र आपल्याकडे बायोडेटाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात असतो.

तिसरी चूक, वेगवेगळ्या विषयांची तुलना. 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' हे गणितातल्या सर्वोच्च जर्नलांपैकी एक. त्याचा आकडा एकअंकी असतो. कर्करोगाची वार्षिक आकडेवारी छापणाऱ्या एका अमेरिकी वैद्यकीय जर्नलचा आकडा २०० च्या वर जातो. गणितात पेपर सावकाश वाचले जातात, उल्लेख थोडे असतात आणि ते वर्षानुवर्षं येत राहतात. दोन वर्षांची खिडकी तिथे लहान पडते. एवढ्यावरून गणितज्ञ कमी प्रभावी ठरवायचे का?

"पण ताई, नियमच तसे आहेत ना?" असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. अध्यापकांच्या नेमणुकीसाठी असलेल्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला तक्ता काढून बघा. परीक्षित जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर ५ गुण, १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ असेल तर १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. हा फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून धरावा असंही तिथे आहे. थॉमसन रॉयटर्सने तर तो व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता, आणि आता ही यादी क्लॅरिव्हेट काढते. या तक्त्याने मोजलं तर 'ॲक्टा'च्या ए विभागातला एखादा पेपर एरवी २० गुणांचा आणि तोच पेपर शेल्ड्रिक यांच्या शेजारी छापून आला तर ३० गुणांचा. इथे दोष फॉर्म भरणाऱ्याचा नाही. जर्नलचा आकडा उचलून माणसाच्या नावापुढे लिहिणाऱ्या तक्त्याचा आहे.

या पद्धतीला जगात विरोधही झाला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीविज्ञानाच्या एका अधिवेशनाच्या वेळी संपादक आणि प्रकाशक जमले. त्यांचा जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला थोडक्यात 'डोरा' म्हणतात. व्यक्तीच्या कामाचं, नेमणुकीचं किंवा निधीचं मूल्यमापन करताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, हे त्याचं मुख्य सांगणं.

शब्दाचा अर्थ माहीत नसला की कोण फसवतं?

हा सगळा खल फक्त भाषेच्या शुद्धतेसाठी नाही. मध्यंतरी एका ज्युनिअरचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला : "ताई, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ७.९ आहे, तीन दिवसांत ॲक्सेप्ट करतात, फी अडीच हजार. पाठवू का?" तिचं काम खरं होतं. दीड वर्ष राबून केलेलं. मी जर्नलचं पान उघडलं. त्यावर इम्पॅक्ट फॅक्टर ठसठशीत होता, पण तो दिला होता भलत्याच कोणत्या तरी संस्थेने. असे आकडे पैसे घेऊन वाटणारी दुकानंच आहेत. त्यांच्या नावात 'जागतिक', 'वैज्ञानिक', 'आंतरराष्ट्रीय' असे शब्द असतात आणि शेवटी इम्पॅक्ट फॅक्टर हे दोन शब्द असतात. ते कसे काढले, ते कोणी विचारत नाही, कारण खरा कसा काढतात तेच कोणाला माहीत नसतं.

हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली जर्नल सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांनी मिळून तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला की कोणत्याही मान्य सूचीत नसलेली त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल हलक्या दर्जाची असू शकतात. त्यानंतर यूजीसी-केअर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. म्हणजे आता तयार यादी हातात नाही. पारख संस्थांनी आणि तुम्ही-आम्हीच करायची आहे. अशा वेळी शब्दाचा विग्रह येणं ही चैन राहत नाही.

मग करायचं काय?

माझा तिसरा पेपर मी आधी ९ च्या आसपास आकडा असलेल्या जर्नलला पाठवला. आठवड्यात परत आला. मग ६ वाल्याला. तिथे चार महिने गेले आणि नकार आला. मग आणखी एक. असे अकरा महिने गेले. शेवटी तो माझ्या विषयाच्याच, २ पेक्षा कमी आकड्याच्या जर्नलला दिला. तिथल्या परीक्षकाने रेणूच्या एका विस्कळीत भागाची माझी मांडणी चुकल्याचं दाखवून दिलं. आधीच्या तिघांकडून हे कोणी सांगितलं नव्हतं. पेपर सुधारून छापला गेला. काही महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यार्थ्याचा मेल आला. त्याला माझ्या रचनेची मूळ फाइल हवी होती, कारण तो त्यावर पुढचं काम करत होता. माझ्या कामाचा आजवरचा सगळ्यात ठोस प्रभाव हाच, आणि तो कोणत्याही फॅक्टरमध्ये येत नाही.

म्हणून एवढं करा. जर्नल निवडताना आधी बघा, की तुम्ही ज्यांचे पेपर वाचता ते लोक कुठे छापतात. इम्पॅक्ट फॅक्टर बघायचाच असेल तर एकाच विषयातल्या जर्नलांची ढोबळ तुलना म्हणून बघा. तो कोणत्या वर्षाचा आणि कोणी दिलेला, हे दोन प्रश्न विचारा. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट फुकट शोधता येते. त्यात जर्नलचं नावच नसेल आणि मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर झळकत असेल, तर पैसे भरण्याआधी थांबा. 'सायटस्कोअर' हा वेगळा आकडा आहे, चार वर्षांच्या खिडकीचा. त्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणू नका. फॉर्ममध्ये रकाना असेल तर भरा, तिथे क्रांती करायला जाऊ नका. पण 'जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, अमुक वर्ष' असं पूर्ण लिहा. आणि 'एकूण'च्या रकान्यात रेघ मारा.

मी पुढच्या फॉर्ममध्ये तशी रेघ मारली. मुलाखतीत विचारलं, "हे रिकामं का?" या वेळी मला उत्तर येत होतं.

त्या ज्युनिअरने अडीच हजार भरले नाहीत. तिचा पेपर सध्या एका साध्याशा, पण खऱ्या जर्नलच्या परीक्षकांकडे आहे. तीन दिवस नाही, तीन महिने झालेत. वाट बघतोय.

काही शंका असतील तर जरूर विचारा. आणि पुढच्या वेळी कोणी "माझा इम्पॅक्ट फॅक्टर अमुक" म्हणालं, तर भांडू नका. फक्त विचारा, "कशाला कशाने भागलंय?"